न दुखणाऱ्या दातांचे डॉक्टर

डॉ. मनोहर भालेराव यांची आणि माझी पहिली ओळख झाली तेव्हा मला तोंड उघडता येत नव्हतं. ज्याचं आयुष्य मास्तरकीत, म्हणजे बोलण्यात गेलं, त्याच्यावर अशी पाळी यावी याचं घरच्यांना फारसं दुःख झालेलं दिसलं नाही. उजवा गाल सुजून डोळ्याला भिडला होता. लवंग झाली, तुरटी झाली, हिंग झाला, शेजारच्या काकूंनी मंतरून दिलेला दोरा कानाला बांधून झाला. आळेफाट्याच्या एका गॅरेजवाल्याने तर पेट्रोलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा दाढेखाली धरायला सांगितला होता. तेवढा सल्ला न मानण्याइतकी अक्कल त्या ठणक्यातही शिल्लक होती. शेवटी कुणीतरी म्हणालं, फाट्यावर टायरच्या दुकानाच्या वर एक दातांचे डॉक्टर नवीन आलेत, त्यांच्याकडे जा.

नव्वदनंतरची दोन-तीन वर्षं उलटली असतील. आळेफाटा तेव्हाही असाच गजबजलेला होता, नाशिकच्या आणि नगरच्या गाड्या, ट्रक, हॉटेलं आणि हॉर्न. डॉक्टरांचा दवाखाना माडीवरच्या दोन खोल्यांत होता. वर डॉक्टरांचं मशीन घूं करायचं आणि खाली टायरवाला लोखंडावर घण घालायचा. खुर्चीत डोळे मिटून पडलेल्या माणसाला यातला नेमका कोणता आवाज आपल्यासाठी आहे, हे कळायला मार्ग नसे. मी मनाशी ठरवून गेलो होतो की दाढ काढून टाकायची, कटकट मिटवायची. डॉक्टरांनी आरसा घालून बराच वेळ पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "ही वाचेल." मी उपटून घ्यायला आलो होतो आणि ते वाचवायला बसले. आधी सूज उतरवली, मग दोन-तीन खेपांत नस साफ करून दाढ भरली. तीच दाढ मी आज हा लेख लिहिताना शेंगदाणे खायला वापरतो आहे.

शेवटच्या खेपेला मी खुर्चीतून उठताना त्यांनी विचारलं, "पुन्हा कधी येणार?"

मी म्हणालो, "दुखलं की येतोच."

"दुखलं की सगळेच येतात, सर. तुम्ही दुखत नसताना या. सहा महिन्यांनी."

मी हसलो. दुखत नसताना दातांच्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे भांडण नसताना कोर्टाची पायरी चढण्यासारखं होतं. ते मात्र हसले नाहीत. त्यांनी माझा पत्ता विचारला, गावाचं नाव ऐकलं आणि जरा थांबून म्हणाले, "म्हणजे तुम्ही बैलवाल्या आण्णांचे थोरले."

तेव्हा मला कळलं की डॉक्टर आमच्याच गावचे. ओढ्यापलीकडच्या बौद्धवस्तीतले. त्यांचे वडील कालव्याच्या कामावर मजुरीला जात. डॉक्टर लहानपणीच शिकायला वसतिगृहात गेले, पुढे पुण्याला दंतवैद्यकीचं शिक्षण झालं, मग बरीच वर्षं सरकारी नोकरीत जिल्ह्या-जिल्ह्यांतून फिरले. चाळिशी ओलांडल्यावर त्यांनी ती पक्की नोकरी सोडली आणि आळेफाट्याला माडी भाड्याने घेतली. भल्याभल्यांनी त्यांना वेड्यात काढलं. असं का केलंत, हे मी त्यांना पुढे एकदा विचारलं होतं.

"नोकरीत रोज दात उपटायचो," ते म्हणाले. "लोक यायचेच इतक्या उशिरा की दुसरं काही हातात नसायचं. संध्याकाळी ताटली भरलेली असायची. मी डॉक्टर आहे की भंगारवाला, असं वाटायला लागलं. म्हटलं, एकदा तरी असं व्हावं की दुखत नसताना माणूस आपल्या पायांनी यावा, तोंड उघडावं आणि म्हणावं, बघा. आणि ते मला आपल्या गावात बघायचंय."

माणसं मोठमोठी स्वप्नं सांगतात. डॉक्टरांचं स्वप्न एवढंच होतं. ते पुरं होणं किती अवघड आहे, हे मला त्या दिवशी तरी कळलं नाही.

डॉक्टरांच्या स्वभावाबद्दल दोन शब्द आधीच सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. ते कमी बोलतात, विनोद त्यांना सांगता येत नाही आणि दुसऱ्याने सांगितलेला कळायला वेळ लागतो. लग्नात गेले तर नवरा-नवरीचे चेहरे त्यांच्या लक्षात राहत नाहीत, दात राहतात. रस्त्यात भेटलेल्या माणसाला नावाने ओळखायच्या आधी ते "खालची डावी दाढ" म्हणून ओळखतात. आणि जिलेबी समोर आली की हा दातांचा डॉक्टर सगळं शास्त्र खुंटीला टांगतो, हेही या गौरवग्रंथात नोंदलं गेलं पाहिजे. मात्र जिलेबी खाल्ल्यावर ते उठून खळखळून चूळ भरतात. यजमानालाही भरायला लावतात.

आमच्या शाळेत त्यांना मी पहिल्यांदा बोलावलं तेव्हा त्यांनी मुलांना भाषण दिलं नाही. त्यांनी विचारलं, "घरात ब्रश किती?" बहुतेक वर्गाचं उत्तर आलं, "एक." कुणाकडे तो वडिलांनंतर सगळ्यांना मिळायचा, कुणाकडे पाहुणे आले की आधी पाहुण्यांना. एका मुलीने सांगितलं की त्यांच्याकडचा ब्रश घासून घासून बोथट झाल्यावर चुलते त्याने मोटारसायकलची चेन साफ करतात, पण बाकीच्यांचं झाल्यावरच. वर्ग खो खो हसला. डॉक्टर हसले नाहीत. पुढच्या वेळी त्यांनी रंगीत दोऱ्यांची रिळं आणली आणि सांगितलं की ज्याचा त्याचा ब्रश वेगळा आणि त्याला ज्याचा त्याचा दोरा. ब्रश मऊ घ्या, दात भांडी घासल्यासारखे घासू नका, हिरडीकडून दाताकडे हात फिरवा, रात्री जेवून झाल्यावर एकदा घासल्याशिवाय पाठ टेकू नका. एवढंच. हेच ते मढच्या बाजूला, घाटाजवळच्या शाळांतही एसटीने जाऊन सांगत. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की पारगावच्या ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर, त्या पाचटाच्या झोपड्यांतही जात. घाटाकडच्या शाळांत खिडकीच्या गजांना रंगीत दोऱ्यांचे ब्रश ओळीने टांगलेले मी स्वतः पाहिले आहेत.

माझ्या आईला मिशरीची सवय होती. तंबाखू तव्यावर भाजून, कुटून केलेली ती काळी पूड आमच्याकडच्या कितीतरी बायका दात स्वच्छ होतात म्हणून लावतात. आई सकाळी लावायची, दुपारी लावायची आणि चहानंतरही बोट आपोआप डबीकडे जायचं. मी ओरडून थकलो होतो. डॉक्टर एकदा घरी आले असताना त्यांनी आईला एवढंच विचारलं, "मावशी, मिशरी दात घासायला ना? मग नाही लावली तर डोकं का धरतं? मीठ नाही लावलं तर धरतं का?"

आईने हातातली डबी खाली ठेवली. मग म्हणाली, "ह्ये मला कुनी इचारलंच न्हवतं."

त्यांनी एकदम सोडा असं म्हटलं नाही. आधी दुपारची सोडा, ती सुटली की चहानंतरची, सकाळची सगळ्यात शेवटी. वर्षभर लागलं. मध्ये एकदा डबी हंड्यामागे सापडली. डॉक्टरांनी ते ऐकलं आणि म्हणाले, "लपवायला लागल्यात म्हणजे सुटणार." आणि खरोखर सुटली. मला इतकी वर्षं जे आरडाओरडा करून साधलं नाही ते त्यांनी एका प्रश्नात साधलं, याचा मला आनंद झाला आणि थोडा रागही आला.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

जुन्नर-आंबेगावात चैत्र लागला की यात्रांचा हंगाम सुरू होतो. आज या गावची, परवा त्या गावची. बाहेर नोकरीला गेलेली माणसं त्या दिवशी गावी परतणारच. पालखी, बैलगाडे, कुस्त्या आणि घरोघर मटण. दोन-तीन वर्षांत डॉक्टरांच्या ध्यानात आलं की यात्रा झाली की दुसऱ्या दिवशी त्या गावचे लोक गाल धरून जिना चढतात. आधीच किडलेली दाढ नळीच्या हाडाने फुटलेली असायची, हिरडीत तंतू अडकून सूज आलेली असायची. कोणत्या गावची यात्रा झाली हे त्यांना पंचांग न बघता कळायला लागलं. म्हणून त्यांनी विचार केला, यात्रेच्या आदल्या दिवशीच तपासणी ठेवावी. गाव सगळं घरी असतं आणि मटण अजून चुलीवर चढायचं असतं. मला म्हणाले, "सर, सुरुवात आपल्या गावापासून करू."

मी गावच्या शाळेचा व्हरांडा मिळवून दिला. ते स्वतः बौद्ध असल्याने यात्रेच्या पूजेत भाग घेण्याचा प्रश्न नव्हता. एकाने खोचकपणे विचारलंही, "देवाला हात जोडत नाय, आन देवाच्या यात्रेत टेबल मांडता व्हय?" डॉक्टर म्हणाले, "देव तुमचा, दातही तुमचेच. मी फक्त दातांचं बघतो." ग्रामपंचायतीच्या कर्ण्यावरून पुकारा झाला की उद्या सकाळी शाळेत सर्वांचे दात तपासले जातील.

आणि गावात बातमी पसरली की डॉक्टर दात काढणार आहेत.

त्या संध्याकाळी पारावर मी जे ऐकलं ते अजून कानात आहे. "यात्रंच्या तोंडावर दात काढून घ्यायचा? मंग मटान काय नुसतं बघायचं व्हय, राव?" दुसरा म्हणाला, "वरचा दात काडला का डोळ्याची नजर जाती. आमच्या चुलत्याची गेली व्हती." चुलते ऐंशीच्या घरात होते, हे कुणी बोललं नाही. मी गळा फोडून सांगत होतो की काढणार नाहीत, फक्त बघणार आहेत. त्यावर उत्तर आलं, "दुकत नाय त्ये बघायचं कशाला?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टर सकाळी लवकर येऊन बसले. पांढऱ्या कापडावर उकळून आणलेले आरसे, पाण्याचा तांब्या, पेला, बसायला खुर्ची. ऊन व्हरांड्याच्या पायरीवर चढलं, मग आत आलं. समोरच्या रस्त्याने माणसं जात होती, बकरी जात होती, मांडववाले जात होते. कुणी हात करून "रामराम, डाक्टर" म्हणे आणि पावलं जरा भराभर उचली. दुपार झाली तरी एकही माणूस त्या खुर्चीत बसला नाही. डॉक्टरांनी डबा उघडला, मला अर्धी भाकरी दिली आणि आम्ही जेवलो. मग त्यांनी आरसे एकेक करून पुसले आणि पिशवीत भरले. ते जराही वापरलेले नव्हते, तरी पुसले.

"पुढच्या वर्षी बघू," ते म्हणाले. त्यांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. तो उतरलेला होता आणि तो मला सहन झाला नाही.

यात्रेनंतर दोनच दिवसांनी तीच माणसं गाल धरून टायरच्या दुकानाचा जिना चढली. डॉक्टरांनी सगळ्यांना पाहिलं. कुणाला टोमणा मारला नाही. पण माझ्या मनात एक गोष्ट रुतून बसली. दात काढण्याची अफवा पसरली होती हे खरं, मटणाची काळजीही खरी होती. तरी मला वाटत राहिलं की दुखणाऱ्या दाताला जात नसते, त्याला फक्त डॉक्टर हवा असतो. न दुखणारा दात मात्र सवडीने विचार करतो, कुणाच्या हातात तोंड द्यायचं ते. गावाने काय विचार केला हे मी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही आणि डॉक्टरांनीही कधी विचारलं नाही. एकदा फक्त म्हणाले होते, "आमच्या आजोबांना या गावात वरून पाणी ओतत, ओंजळीत." ते सांगताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता.

माझे वडील, आण्णा, पंचक्रोशीत बैलांचे जाणकार. कुणाला बैल घ्यायचा असला की आण्णांना गाडीत घालून बाजारात नेत. बैलाचा जबडा उघडून ते वय सांगत आणि त्यावर सौदा ठरे. त्याच वर्षी पावसाळ्यानंतर एका सकाळी डॉक्टर आमच्या गोठ्याशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आण्णा, मला बैलाचा दात बघायला शिकवा."

आण्णांना गंमत वाटली. "मानसाचं दात सपलं का काय?" पण शिकवणं हा त्यांच्या आवडीचा विषय. तिसऱ्या दिवशी आम्ही तिघं बेल्ह्याच्या बैलबाजारात होतो. डॉक्टरांनी त्यासाठी दवाखाना बंद ठेवला होता. आण्णा एकेका बैलापाशी थांबत, वेसण धरून अंगठ्याने ओठ खाली ओढत आणि सांगत. "ह्यो आदत, अजून दुधाच्या दातावर हाय. ह्यो दुसा, दोन मोठं आलं. ह्यो चौसा, चार आलं. आन ह्यो बघ, आठी आलं, ह्यो जुळलेला. आता फुडं वय झिजंवरनं बघायचं." बैलाला वर पुढचे दात नसतातच, हे मला वयाच्या पस्तिशीनंतर त्या दिवशी कळलं. डॉक्टर विद्यार्थ्यासारखे वाकून बघत होते. एका देखण्या, पांढऱ्याशुभ्र खोंडापाशी त्यांनी विचारलं, "आण्णा, याला काही दुखतंय का?"

"नाय. चांगला ठनठनीत हाय."

"मग दात कशाला बघता?"

आण्णा खदाखदा हसले. "आरं, दुकायच्या आदीच बघाया लागतं! दुकाया लागल्याव बघून काय उपेग? तवर पैसं मोजून बैल दावनीला आलेला आसतो."

डॉक्टरांनी मान डोलावली आणि पुढच्या बैलाकडे वळले. परत येताना जीपमध्ये आण्णा खिडकीशी बसले होते. बराच वेळ बाहेर बघत होते. आळेफाटा दिसायला लागला तेव्हा ते एकदम वळले आणि म्हणाले, "डाक्टर, बाजारात मी तुला नेलं का तू मला नेलंस?"

त्या प्रवासात डॉक्टर पहिल्यांदा मोकळेपणाने हसलेले मी पाहिले.

पुढच्या चैत्रात पुन्हा तोच व्हरांडा, तेच पांढरं कापड, तोच तांब्या-पेला. कर्ण्यावर पुन्हा पुकारा झाला होता आणि पुन्हा माणसं लांब पिंपळाखाली घोटाळत होती. मी व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होतो. डॉक्टर शांत बसले होते, पण मांडीवर बोटं एकमेकांत घट्ट धरलेली होती. त्या दिवशीही कुणी आलं नसतं तर त्यांनी तिसऱ्या वर्षी पिशवी भरली असती की नाही, मला शंका आहे.

तेवढ्यात आण्णा आले. धुतलेलं धोतर, पांढरी टोपी, यात्रेचा नवा सदरा. पिंपळाखालच्या माणसांशी न बोलता ते थेट पायऱ्या चढले, खुर्चीत बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बघ रं, डाक्टर. आदत हाय का जुळलाय?"

पिंपळाखाली हशा पिकला. डॉक्टरांनी हात धुतले. आण्णांनी तोंड उघडलं. डॉक्टरांनी एका हाताच्या बोटांनी त्यांचा गाल बाजूला केला, दुसऱ्या हाताने आरसा आत धरला आणि सावकाश एकेक दात बघत गेले. पिंपळाखालचं हसणं थांबलं होतं. सगळं गाव ती बोटं बघत होतं. तपासून झाल्यावर डॉक्टरांनी पेल्यात पाणी ओतून दिलं. आण्णांनी चूळ भरली, पायरीशेजारी टाकली. मग पेला पुन्हा पुढे केला, पुन्हा भरून घेतला आणि ते पाणी प्यायले. उन्हाचे दिवस होते, तहान लागली असेल.

नंतर आण्णा घरी गेले नाहीत. शेजारच्या बाकावर बसून राहिले. पहिल्यांदा आमचा चुलता आला, मग सोसायटीचे चेअरमन आले, मग बायका आल्या, माझी आई त्यांच्या पुढे. दुपारपर्यंत रांग शाळेच्या फाटकाबाहेर गेली. "पावनं, तुमी बी दावा की," म्हणून लोक यात्रेला आलेल्या पाहुण्यांना ओढून आणत होते. डॉक्टरांना त्या दिवशी डबा खायला फुरसत मिळाली नाही. मी व्हरांड्याच्या टोकाला उभा होतो आणि मला रडू येत होतं, हे इथे लिहायला मला संकोच वाटत नाही.

त्या दिवशी डॉक्टरांनी चारचौघांत एक गोष्ट बोलून दाखवली नव्हती. संध्याकाळी ते घरी आले आणि आण्णांना बाजूला घेऊन म्हणाले की जिथे ते तंबाखूचा विडा धरतात तिथे गालाच्या आत पांढरा, खरखरीत चट्टा आहे. आज तो काही करत नाही, पण पुढे तो काय करील याचा भरवसा नाही. ते स्वतः आण्णांना पुण्याला घेऊन गेले, तुकडा काढून तपासून घेतला. सुदैवाने वाईट काही निघालं नाही. परतताना डॉक्टर म्हणाले, "तंबाखू सोडायची, आण्णा. आणि दर यात्रेला मला गाल दाखवायचा."

आण्णांनी चंची काढून त्यांच्या हातात दिली. तंबाखू लगेच सुटली असं नाही. आईने त्यांना आपलीच युक्ती शिकवली, आधी दुपारची, मग चहानंतरची. हळूहळू चट्टा विरत गेला. दुखलं की मग दाखवू, असं आण्णा म्हणत राहिले असते तर काय झालं असतं, याचा विचार मी करत नाही.

त्यानंतर यात्रेआधीची तपासणी आमच्या गावाची रीतच झाली. आजूबाजूच्या गावांनीही डॉक्टरांना बोलावणं धाडायला सुरुवात केली. आता चैत्र-वैशाखात त्यांना उसंत नसते. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी टायरच्या दुकानाचा जिना मात्र बराच मोकळा असतो. डॉक्टरांचा धंदा त्यांनीच बुडवला, असं आम्ही त्यांना चिडवतो. हा विनोद त्यांना कळतो. या सगळ्या धावपळीत डॉक्टरांच्या पत्नी सौ. मालतीवहिनींनी डब्याची आणि उकळत्या आरशांची बाजू सांभाळली. त्यांच्याशिवाय हे घडलं नसतं, हे डॉक्टर स्वतःच सांगतात.

डॉक्टरांच्या षष्ट्यब्दीनिमित्त हा ग्रंथ काढायचं ठरलं तेव्हा समितीने मला सांगितलं की तुमच्या आण्णांचा आशीर्वादपर मजकूर हवा. आण्णा आता ऐंशीच्या पुढे आहेत. निम्म्याहून जास्त दात स्वतःचे आहेत आणि ते ऊस सोलून खातात. मी त्यांना मजकुराचं सांगितलं तर म्हणाले, "मला ल्ह्याया येत नाय. डाक्टरलाच घरी बोलव."

गेल्या महिन्यात डॉक्टर आले. नेहमीप्रमाणे ओसरीवर आण्णांना खुर्चीत बसवून त्यांनी गाल पाहिला, दात पाहिले, छान आहे म्हणाले. मग ते उठणार तेवढ्यात आण्णांनी त्यांचा हात धरला.

"आता तू बस."

डॉक्टरांना कळेना. आण्णांनी मला तांब्या आणायला सांगितलं. डॉक्टर धुतात तसेच दोन्ही हात चोळून धुतले, पंच्याला पुसले. "तू आमच्या समद्या गावाचं दात बघितलंस," ते म्हणाले. "तुजं कुनी बघितलं?"

डॉक्टर खुर्चीत बसले. हा माणूस आजवर कुणासमोर त्या जागी बसलेला मी पाहिला नव्हता. त्यांनी तोंड उघडलं. आण्णांनी बेल्ह्याच्या बाजारात धरत तसा हनुवटीला हात दिला, अंगठ्याने खालचा ओठ हलकेच ओढला आणि डोळे बारीक करून पाहू लागले. त्यांनी बराच वेळ लावला. डॉक्टरांच्या डोळ्यांतून पाणी ओघळून कानापर्यंत गेलं, ते त्यांनी पुसलं नाही. आई दाराशी उभी होती.

मग आण्णांनी ओठ सोडला, डॉक्टरांच्या गालावरून हात फिरवला आणि निकाल दिला.

"जुळलेला हाय. पन झिजला नाय. अजून लई वर्सं वढंल."

समितीला हाच मजकूर हवा होता, असं मी समजतो. डॉक्टरांना दीर्घायुष्य आणि आरोग्य लाभावं अशी आम्ही सगळे मनापासून इच्छा करतो आहोत, पण माझ्या मनात त्याबद्दल आता शंका उरलेली नाही. दात बघून सांगितलेला आण्णांचा अंदाज आजवर कधी चुकलेला नाही.